लो-कोड करणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये काय काय असावं

पॉवर अ‍ॅप्सच्या (लो-कोड, म्हणजे कमीत कमी कोड लिहून सॉफ्टवेअर बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) फॉर्मवर लिहिलेलं असतं ‘ग्राहकाचा प्रकार’ आणि त्यात निवडलेलं असतं ‘डीलर’. आता हेच पॉवर ऑटोमेटच्या, म्हणजे कामं आपोआप करणाऱ्या साधनाच्या, फ्लोमध्ये फिल्टर म्हणून टाकायला जा, तिथे ना ‘ग्राहकाचा प्रकार’ चालत ना ‘डीलर’. तिथे लागतं कॉलमचं लॉजिकल नेम, म्हणजे पुढे पब्लिशरचा प्रीफिक्स आणि मग सगळं लहान अक्षरातलं नाव, आणि डीलरच्या जागी लागतो १०००००००१ असा नऊ आकडी नंबर. हा नंबर शोधायचा तर मेकर पोर्टल उघडा, सोल्युशनमध्ये जा, टेबल शोधा, कॉलम शोधा, चॉइस उघडा, मग तिथे दिसणार. एका कॉलमसाठी ठीक आहे हो, पण मोठा फॉर्म असेल आणि समोर क्लायंट बसलेला असेल तर अशी दुपार घालवता येत नाही.

मी इंदूरला विजय नगरमधल्या एका छोट्या ऑफिसात डायनॅमिक्स ३६५ (मायक्रोसॉफ्टचं व्यवसायाचं सॉफ्टवेअर) आणि पॉवर प्लॅटफॉर्मचं काम करते. आमचे क्लायंट म्हणजे पीथमपूरचे ऑटो पार्ट्सवाले, सांवेर रोडवरची युनिट्स, औषधांचे डिस्ट्रिब्युटर, ज्यांच्याकडे स्वतःची आयटी टीम नसते किंवा असली तर एक माणूस असतो आणि नेटवर्कपासून प्रिंटरपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात असतं. अशा ठिकाणी गेलं की लोकांना उत्तर लगेच हवं असतं आणि त्यांचं बरोबरही आहे, त्यांचं बिल अडकलेलं असतं. ऑफिसात नवीन आलेली मुलं-मुली विचारतात, ‘ताई, ब्राउझरमध्ये कुठली एक्स्टेन्शन टाकू?’ एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय.

माझं म्हणणं असं आहे की या एक्स्टेन्शन्सचे सरळ दोन गट करावेत, एक दाखवणारी आणि दुसरी बदलणारी. स्क्रीनच्या मागे सिस्टिमला खरं काय माहीत आहे ते जी दाखवतात ती आधी शिकायची, रोज वापरायची, प्रॉडक्शनवर, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टिमवरही वापरायची. जी डेटा किंवा सेटिंग बदलतात ती सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या वेगळ्या सिस्टिममध्ये, आणि बटण दाबल्यावर नक्की काय होतं ते समोरच्याला समजावून सांगता येत असेल तरच. बहुतेक लोक उलटं करतात, आधी बदलणारी बटणं शोधतात कारण त्यात पटकन काम झाल्यासारखं वाटतं.

डायनॅमिक्स आणि पॉवर अ‍ॅप्सवाल्यांसाठी पहिलं नाव एकच, लेव्हल अप. नटराज येग्नरामन यांनी बनवलंय, फुकट आहे, क्रोम आणि एज दोन्हीवर चालतं. मॉडेल-ड्रिव्हन अ‍ॅपचा रेकॉर्ड उघडायचा, आयकॉनवर क्लिक करायचं आणि लॉजिकल नेम्स म्हटलं की फॉर्मवरच्या प्रत्येक फील्डजवळ त्याचं खरं नाव येतं, तिथेच कॉपी करायचं. ऑप्शनसेट व्हॅल्यूज म्हटलं की वर सांगितलेला तो नऊ आकडी नंबर दिसतो. रेकॉर्डचा आयडी, रेकॉर्डची लिंक, हे एका क्लिकवर क्लिपबोर्डमध्ये. आयडी म्हणजे तो डॅश धरून ३६ अक्षरांचा जीयूआयडी, तो यूआरएलमधून हाताने सिलेक्ट करताना एखादं अक्षर सुटलं की मग फ्लो ‘रेकॉर्ड सापडला नाही’ म्हणत बसतो आणि आपण कारण भलतीकडे शोधत बसतो. शिवाय ऑल फील्ड्स आहे, जे फॉर्मवर ठेवलेलेच नाहीत असे कॉलमसुद्धा त्यांच्या व्हॅल्यूसकट दिसतात, आणि माझ्या मते हे त्यातलं सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात कामाचं बटण आहे. स्क्रीनशॉट काढण्यासाठी ब्लर फील्ड्स पण आहे, क्लायंटच्या ग्राहकांची नावं-फोन नंबर धूसर होतात, मग तो स्क्रीनशॉट ट्रेनिंगच्या पीपीटीत टाका. आपल्याकडे लोक ग्राहकांच्या खऱ्या माहितीसकट स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात ते मला अजिबात आवडत नाही, हे बटण असताना तर नाहीच.

दाखवणाऱ्या गोष्टींची किंमत मला खरी कळली ती एका मार्च एंडला. पीथमपूरच्या एका क्लायंटकडे इन्व्हॉइसची एक्सेल रोज रात्री फ्लोमधून निघायची आणि अकाउंटवाले काका ती सीएला पाठवायचे. एप्रिल सुरू झाला आणि काकांचा फोन, ‘मॅडम, १ एप्रिलची बिलं ३१ मार्चला दिसतायत, आर्थिक वर्षच बदललं ना, मी सीएला काय तोंड दाखवू?’ फॉर्मवर बघितलं तर तारीख १ एप्रिल, एक्सेलमध्ये ३१ मार्च. तोवर तिथे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की डेटा एन्ट्री करणाऱ्या मुलीने आधी चुकीची तारीख टाकली आणि मग गुपचूप दुरुस्त केली, ती बिचारी रडवेली होऊन कोपऱ्यात उभी. मी रेकॉर्ड उघडला आणि लेव्हल अपमधून ओपन इन वेब एपीआय केलं, म्हणजे तोच रेकॉर्ड कच्च्या स्वरूपात, जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या साच्यात, ब्राउझरमध्ये उघडतो (एपीआय म्हणजे फॉर्मशिवाय थेट सिस्टिमशी बोलायचा मार्ग), आणि तिथे तारीख होती ३१ मार्च, वेळ १८:३०, शेवटी झेड. तो झेड म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाणवेळ. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे बारा वाजून १ एप्रिल लागला की यूटीसीमध्ये अजून ३१ मार्चची संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात.

त्या कॉलमचं बिहेवियर यूजर लोकल होतं. डेटाव्हर्स, म्हणजे या सगळ्याच्या मागचा डेटाबेस, अशी तारीख यूटीसीमध्ये साठवतं, फॉर्म उघडणाऱ्याच्या टाइमझोननुसार ती बदलून दाखवतं, म्हणून फॉर्मवर सगळं बरोबर दिसायचं, पण फ्लो कच्ची व्हॅल्यू उचलत होता आणि तारखेपुढचं सगळं कापून एक्सेलमध्ये टाकत होता. वर्षभर रोज एक दिवस मागेच जात होतं पण १० जूनचं ९ जून झालं तर कुणाच्या लक्षात येतं? १ एप्रिललाच ते टोचलं. लगेचचा उपाय म्हणून फ्लोमध्ये कन्व्हर्ट टाइमझोनचं एक्स्प्रेशन टाकून इंडिया स्टँडर्ड टाइम दिला, आणि पुढच्या मॉड्यूलमध्ये बिलाच्या तारखेला डेट ओन्ली बिहेवियर ठेवलं, तेच मुळात बरोबर. हे बिहेवियर यूजर लोकलवरून एकदा बदललं की परत मागे येता येत नाही म्हणून चालू टेबलवर विचार करूनच हात लावायचा. सांगायचा मुद्दा, त्या मुलीची काही चूक नव्हती हे सगळ्यांसमोर स्क्रीनवर दाखवता आलं. काकांनी तिला बोलावून चहा दिला, मला बरं वाटलं.

हे जेसन बघायला वेगळं एक्स्टेन्शन लागतं का, तर आता फारसं नाही. फायरफॉक्समध्ये जेसन व्ह्यूअर आधीपासून आत आहे, एजमध्ये पण आहे, क्रोम निदान प्रिटी प्रिंटचा चौकोन देतो. ऑनलाइन फॉरमॅटर साइटवर क्लायंटचा जेसन पेस्ट करायची सवय असेल तर मात्र आजच सोडा, कारण त्यात लोकांची नावं, रकमा, कधीकधी टोकनसुद्धा असतं आणि ते पेस्ट केलं म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर दिलं.

आता लेव्हल अपचं जे बटण सगळ्यांना आवडतं ते, गॉड मोड. दाबलं की फॉर्मवरचे लपवलेले टॅब आणि फील्ड दिसायला लागतात, रीड-ओन्ली फील्ड उघडतात, मँडेटरीचा लाल स्टार निघून जातो. नवीन मुलांना वाटतं आता आपण काहीही करू शकतो. तसं नाही, हे फक्त ब्राउझरमधल्या फॉर्मपुरतं आहे, सिक्युरिटी रोल सर्व्हरवर असतो, प्लगइन (सिस्टिमला जोडलेला आपला कोड) सर्व्हरवर चालतात, तुम्हाला ज्या टेबलवर राइट नाही तिथे गॉड मोडने राइट मिळत नाही. मी याचा वापर वेगळ्या कामासाठी करते आणि सगळ्यांनी करावा असं मनापासून वाटतं, तो म्हणजे आपलंच काम तपासायला. समजा फॉर्मवर जावास्क्रिप्टने जीएसटी नंबर कंपल्सरी केलाय आणि १५ अक्षरं आहेत की नाही, पहिले दोन आकडे राज्याच्या कोडशी जुळतात की नाही, म्हणजे मध्य प्रदेशचा २३, महाराष्ट्राचा २७, गुजरातचा २४, असं सगळं तपासतोय. सँडबॉक्समध्ये गॉड मोड लावा आणि जीएसटी नंबर रिकामा ठेवून सेव्ह करा. झालं सेव्ह? मग तुमचा नियम हा नियमच नाही, समोरच्या दाराला मोठं कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. कारण उद्या एक्सेल इम्पोर्टने किंवा दुसऱ्या एखाद्या फ्लोने रेकॉर्ड आला तर तो फॉर्मवरून येतच नाही.

आणि इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की कॉलमला बिझनेस रिक्वायर्ड केलं म्हणजे सर्व्हर अडवेल. नाही अडवत, ते फॉर्मसाठी आहे, एपीआयने रिकामा रेकॉर्ड आरामात जातो. खरंच अडवायचं असेल तर बिझनेस रूलचा स्कोप पूर्ण टेबलचा ठेवून शो एरर मेसेज वापरा किंवा प्लगइन लिहा. हे मी डेमोमध्ये क्लायंटलाही दाखवते, कारण ‘एवढा खर्च प्लगइनला कशाला’ या प्रश्नाचं याहून सोपं उत्तर नाही.

लेव्हल अपमध्ये इम्पर्सोनेटची सोय पण आहे, म्हणजे दुसऱ्या यूजरच्या नजरेतून अ‍ॅप बघता येतं. ‘मला बटण दिसत नाही’ अशी तक्रार आली की हे फार कामाचं, नाहीतर लोक एकमेकांचे पासवर्ड मागतात जे कधीच व्हायला नको. पण यासाठी तुमच्या रोलमध्ये दुसऱ्याच्या वतीने काम करण्याची प्रिव्हिलेज लागते, आणि अशी प्रिव्हिलेज कुणाकुणाला दिलीय हे क्लायंटला लेखी माहीत असलं पाहिजे.

बटण का दिसत नाही याचं उत्तर तर एक्स्टेन्शनशिवाय पण मिळतं. अ‍ॅपच्या यूआरएलच्या शेवटी अँड चिन्ह टाकून ‘रिबनडीबग’ बरोबर ‘ट्रू’, इंग्रजीत लहान अक्षरात, एवढं लिहून एंटर मारा, कमांड बारच्या मेनूत कमांड चेकर येतो आणि कुठलं बटण कुठल्या रूलमुळे लपलं, तो रूल ट्रू आला की फॉल्स, सगळं लिहिलेलं मिळतं. तसंच ‘मॉनिटर’ बरोबर ‘ट्रू’ लावलं की मॉनिटर, म्हणजे आत काय काय चाललंय ते दाखवणारी खिडकी, उघडतो. हे मायक्रोसॉफ्टने स्वतः दिलंय, काही इन्स्टॉल करायचं नाही, तरी जुन्या लोकांनाही माहीत नसतं.

वेब एपीआयचा कॉल हाताने लिहायचा असेल तर डेटाव्हर्स रेस्ट बिल्डर घ्या, गुइदो प्राइते यांचं. ते मुळात सोल्युशन म्हणून टाकायचं आहे, त्यामुळे क्लायंटला विचारूनच टाका, पण एक्सआरएम टूलबॉक्समधूनही वापरता येतं. हे मी एका खास त्रासासाठी सांगतेय. लुकअप कॉलम, म्हणजे दुसऱ्या टेबलच्या रेकॉर्डला जोडणारा, एपीआयने सेट करायचा असला की ओडेटा बाइंड लावावं लागतं, आणि तिथे लॉजिकल नेम चालत नाही, नेव्हिगेशन प्रॉपर्टीचं नाव लागतं, ज्यात मोठी-लहान अक्षरं जशीच्या तशी हवीत. कस्टम लुकअपमध्ये ते बहुतेक वेळा स्कीमा नेमसारखं असतं. एक अक्षर लहानचं मोठं राहिलं की ‘अनडिक्लेअर्ड प्रॉपर्टी’ नावाची लांबलचक एरर येते जी वाचून काहीही कळत नाही. बिल्डरमध्ये टेबल आणि कॉलम निवडायचा, कोड तयार होऊन येतो, केससकट. एक्सआरएम टूलबॉक्स हे ब्राउझरचं नाही, विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर आहे, पण त्यातलं जोनास रॅप यांचं फेचएक्सएमएल बिल्डर वापरल्याशिवाय मी रिपोर्टची क्वेरी लिहीत नाही, म्हणून ओघात सांगितलं.

पॉवर ऑटोमेटसाठी पॉवर ऑटोमेट टूल्स नावाचं एक्स्टेन्शन आहे, फ्लोची पूर्ण जेसन डेफिनिशन एडिटरमध्ये उघडून देतं आणि बदलून सेव्ह पण करता येतं. कुठल्या कॉलमचं नाव बदललंय आणि ते फ्लोमध्ये पंधरा जागी आहे, अशा वेळी फाइंड-रिप्लेस करता येतं हा मोठा आधार आहे. पण हे बदलणाऱ्या गटातलं, म्हणून आधी फ्लोची कॉपी काढायची किंवा सोल्युशन एक्स्पोर्ट करून ठेवायचं, मगच. आणि नवीन डिझायनरमध्ये एखादी अ‍ॅक्शन नीट उघडत नसेल तर यूआरएलमध्ये ‘व्ही३’ बरोबर ‘फॉल्स’ केलं की जुना डिझायनर येतो, हेही लक्षात ठेवा.

सेल्सफोर्स हे दुसऱ्या कंपनीचं असंच व्यवसायाचं सॉफ्टवेअर, त्याच्यावर काम करणाऱ्यांकडे याच तोडीचं सेल्सफोर्स इन्स्पेक्टर आहे. मूळ सोरेन क्राबे यांचं, आता लोक त्याचं पुढचं रूप वापरतात, सेल्सफोर्स इन्स्पेक्टर रीलोडेड, जे थॉमस प्रूवो यांनी चालू ठेवलंय. शो ऑल डेटा केलं की रेकॉर्डचे सगळे फील्ड एपीआय नावांसकट, एसओक्यूएल (सेल्सफोर्सची क्वेरीची भाषा) लिहा आणि डेटा एक्स्पोर्ट करा, परत इम्पोर्ट करा. मी सेल्सफोर्स कमी करते, पण माझी मैत्रीण पूर्णवेळ त्यातच आहे आणि तिच्याकडून एक गोष्ट शिकले ती सांगण्यासारखी आहे. सेल्सफोर्सचा रेकॉर्ड आयडी १५ अक्षरांचा पण असतो आणि १८ अक्षरांचा पण. १५वाल्यात मोठं ए आणि लहान ए वेगळे धरले जातात, आणि एक्सेलचं व्हीलुकअप मोठं-लहान काही बघत नाही, त्यामुळे दोन वेगळे ग्राहक एकच समजून भलत्याची रक्कम भलत्याला लागते. रिपोर्टमधून बऱ्याचदा १५चा आयडी निघतो. एसओक्यूएलने काढलं की १८चा येतो, शेवटची ती तीन अक्षरं याचसाठी जोडलेली आहेत. आपल्याकडे अर्धं ऑफिस व्हीलुकअपवर चालतं त्यामुळे हे ज्याला माहीत नाही त्याला आजच सांगा.

अशाच बाकीच्या प्लॅटफॉर्मपैकी सर्व्हिसनाउ करत असाल तर अर्नाउड कूई यांचं एसएन यूटिल्स, टेक्निकल नेम्स आणि स्लॅश कमांड, त्या जगात ते सगळ्यांकडे असतं. ओडूसाठी ओडू डीबग नावाचं साधं एक्स्टेन्शन, माकडाच्या चित्राचं, एका क्लिकवर डेव्हलपर मोड चालू. नाही टाकलं तरी यूआरएलमध्ये ‘डीबग’ बरोबर ‘१’ लिहून तेच होतं. झोहो क्रिएटरमध्ये मी खोल काम केलेलं नाही म्हणून त्यावर लिहीत नाही.

वेब रिसोर्सची जावास्क्रिप्ट टेस्ट करायला दर वेळी अपलोड आणि पब्लिश करणारे लोक बघितले की मला फार वाईट वाटतं, कारण प्रत्येक पब्लिशला थांबावं लागतं आणि त्या वेळात बाकीच्या टीमलाही अडचण होते. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये लोकल ओव्हरराइड्स आहे, एफ१२, सोर्सेस, ओव्हरराइड्स, एक फोल्डर द्या, फाइल तिथेच बदला आणि रीफ्रेश करा, फक्त तुमच्या ब्राउझरमध्ये नवीन कोड चालतो, सर्व्हरवरचं कुणाचं काही बिघडत नाही. रिक्वेस्टलीसारखं एक्स्टेन्शन पण हेच करतं आणि त्यात नियम सांभाळून ठेवणं सोपं पडतं, पण रोजच्यासाठी मला ब्राउझरचं आतलंच पुरतं.

आता तो लॉगिनचा भाग, जो मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. एक्स्टेन्शनला वेगळा पासवर्ड नसतो. तुम्ही क्लायंटच्या सिस्टिममध्ये सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आत आहात तर तुमच्या ब्राउझरमधलं एक्स्टेन्शनही त्या पानावर तुमच्याच अधिकाराने काम करतं. लेव्हल अप, इन्स्पेक्टर ही याच कारणाने उपयोगी आहेत आणि याच कारणाने कुठलंही फालतू एक्स्टेन्शन धोकादायक आहे. हे उगाच भीती घालायला सांगत नाहीये. द ग्रेट सस्पेंडर आठवत असेल, टॅब झोपवणारं, लाखो लोकांकडे होतं, चांगलं होतं. २०२० मध्ये ते दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून काढून टाकलं. डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळात, सायबरहेव्हन या सिक्युरिटी कंपनीच्याच एक्स्टेन्शनची खराब आवृत्ती स्टोअरवर गेली, कारण त्यांच्या कर्मचाऱ्याला फिशिंग मेलने फसवून स्टोअरचा अ‍ॅक्सेस मिळवला होता. म्हणजे वापरणाऱ्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं, एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतं, तेवढं पुरलं.

म्हणून मी काय करते ते सांगते. प्रत्येक क्लायंटचं वेगळं ब्राउझर प्रोफाइल, एजमध्ये किंवा क्रोममध्ये, आणि प्रत्येक प्रोफाइलला वेगळा रंग. प्रॉडक्शनचं प्रोफाइल लाल, सँडबॉक्सचं हिरवं. प्रोफाइल वेगळं म्हणजे कुकीज वेगळ्या, लॉगिन वेगळं आणि एक्स्टेन्शन पण वेगळी, त्यामुळे कूपन शोधणारं, व्याकरण तपासणारं, पीडीएफ बनवणारं जे काही असेल ते घरच्या प्रोफाइलमध्येच राहतं, क्लायंटच्या डेटाजवळ येत नाही. लाल प्रोफाइलमध्ये फक्त दाखवण्यासाठी लागणारं. एक फायदा असाही की दोन क्लायंटचे मायक्रोसॉफ्ट अकाउंट एकमेकांत अडकत नाहीत, ज्यांनी तो ‘तुम्हाला अ‍ॅक्सेस नाही’चा गोंधळ भोगलाय त्यांना कळेल. फायरफॉक्स वापरत असाल तर मल्टी-अकाउंट कंटेनर्सने लॉगिन वेगळी ठेवता येतात, पण एक्स्टेन्शन तिथे सगळ्या कंटेनरसाठी एकच असतात, हा फरक लक्षात घ्या.

दुसरं, साइट अ‍ॅक्सेस. एक्स्टेन्शनच्या डीटेल्समध्ये जा, तिथे ऑन ऑल साइट्स, ऑन स्पेसिफिक साइट्स, ऑन क्लिक असे पर्याय असतात. डायनॅमिक्ससाठीच्या एक्स्टेन्शनला तुमच्या बँकेच्या पानाशी काय करायचंय? इंडिया रीजनच्या ऑर्गचा पत्ता सीआरएम८वाला असतो, तेवढाच द्या. आणि कधी अपडेटनंतर एक्स्टेन्शन आपोआप बंद पडून जास्त परमिशन मागायला लागलं तर घाईत ‘अलाउ’ करू नका, आधी का मागतंय ते बघा. ज्यांचा सोर्स कोड गिटहबवर उघडा आहे त्यांना मी नेहमी पुढे ठेवते. शिवाय दर तिमाहीला यादी उघडून जे वापरात नाही ते काढून टाकते.

मोठ्या क्लायंटकडे वेगळीच अडचण येते, ते लॅपटॉप देतात आणि त्यावर एक्स्टेन्शन टाकताच येत नाही, पॉलिसीने सगळी ब्लॉक असतात आणि फक्त अलाउलिस्टमधली चालतात. यावर चिडण्यात अर्थ नाही, वर सांगितलेल्या गोष्टी वाचल्या तर त्यांचं धोरण बरोबरच आहे. त्यांच्या आयटीला मेल लिहा, पण ‘प्लीज अलाउ करा’ एवढंच लिहिलं तर ते उत्तर देणार नाहीत. मेलमध्ये एक्स्टेन्शनचं नाव, स्टोअरमधला त्याचा ३२ अक्षरांचा आयडी, सोर्स कोडची लिंक असेल तर ती, कुठल्या पत्त्यावर चालवायचं आहे तो पत्ता, कुठल्या यूजरसाठी, कुठल्या तारखेपर्यंत, आणि कशासाठी हे एका ओळीत. आयडी महत्त्वाचा, कारण एकाच नावाची नकली एक्स्टेन्शन असतात आणि त्यांच्या पॉलिसीत आयडीच भरावा लागतो. असा मेल गेला की परवानगी बऱ्याचदा मिळते. नाहीच मिळाली तर यूआरएलवाले ते पॅरामीटर, वेब एपीआयचा पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाइप करणं आणि एफ१२, याच्यावर काम चालतं, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच, आणि तो वेळ एस्टिमेटमध्ये आधीच धरून ठेवायचा.